भंगारातले दोन जीएम३०० आणि आपला दोन मीटरचा पट्टा: ठाण्यातल्या कामाच्या नोंदी

९ मार्च २०२५

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतून दोन सेट आणले. दोन्ही मोटोरोला जीएम३००, गाडीत बसवायचे. एक व्हीएचएफ, लेबलवर १४६–१७४ मेगाहर्ट्झ. दुसरा यूएचएफ, ४३८–४७०. कुठल्यातरी गाड्यांतून उतरवलेले दिसतात. ब्रॅकेटच्या भोकांभोवतीचा रंग उडालाय, मागच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) पट्ट्यांमध्ये चिकट धूळ बसलीय. आतलं ॲल्युमिनियमचं ओतीव घर मात्र शाबूत आहे.

आपल्याकडे हौशी रेडिओवाल्यांना दोन मीटरवर, म्हणजे साधारण दोन मीटर तरंगलांबीवर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे. म्हणजे व्हीएचएफ सेटचा पट्टा जिथे सुरू होतो, तिथे आपला संपतो. सत्तर सेंटीमीटरवर तर आणखी गंमत आहे. जीएम३०० यूएचएफमध्ये ४०३–४३३ असा येतो आणि ४३८–४७० असा येतो. आपल्याला मिळालेला ४३४–४३८ नेमका दोघांच्या मधल्या फटीत. त्यामुळे सेट आणला, चॅनल भरले आणि बोलायला बसले, असं इथे होणार नाही. खालच्या आकड्यावर सेट लॉक होतो का (म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर स्थिर बसतो का), तिथे त्याला नीट ऐकू येतं का आणि तिथून बोलताना तो शेजारच्या पट्ट्यात घाण टाकत नाही ना, हे तिन्ही मोजून बघितल्याशिवाय मी या सेटला दोन मीटरचा सेट म्हणणार नाही.

दुकानदाराने व्हीएचएफ सेट लावून दाखवला. दिवा लागला, चॅनलचा आकडा दिसला. "ताई, चालू होतो, पण मुका आहे. म्हणून कमी लावले." दोन्ही सीरियल नंबर बिलावर लिहून घेतले. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा घ्या नाहीतर २०२३ चा दूरसंचार कायदा, असं यंत्र नुसतं घरात ठेवायलाही परवाना लागतो. माझा हौशी परवाना आहे, तरी सेट कुठून आला याचा कागद हाताशी असलेला बरा. ज्यांची परीक्षा अजून व्हायची आहे त्यांनी आधी परवाना घ्यावा, मग भंगारात हात घालावा.

१० मार्च

सेट मुका नाहीच.

जीएम३०० च्या मागे सोळा पिनांचा ॲक्सेसरी कनेक्टर असतो. आतल्या स्पीकरची तार पिन १५ वर येते आणि ॲम्प्लिफायरचा आवाज पिन १६ वर. कारखान्यातून या दोन पिना जोडणारा एक छोटा प्लग मागे लावलेला येतो. गाडीत बाहेरचा स्पीकर बसवताना तो काढतात, आणि सेट उतरवला की बाहेरच्या स्पीकरबरोबर तोही जातो. मग सेट सगळं ऐकतो, पण आवाज स्पीकरपर्यंत पोचतच नाही.

टॉर्च लावून मागे पाहिलं. सोळाही पिना पितळी रंगाच्या, सरळ, कुठेही हिरवट बुरशी नाही, फक्त १५ आणि १६ वर आधीच्या प्लगच्या घासण्याच्या दोन रेघा. पातळ इन्सुलेटेड तारेचा इंचभर तुकडा घेतला, दोन्ही टोकांना पिना लावल्या आणि १५–१६ जोडले. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडला तशी खरखर आली, भरदार, आवाजाच्या खुंटीबरोबर कमी-जास्त होणारी. ती ऐकून फार बरं वाटलं.

बाजारात "आवाज येत नाही" म्हणून बाजूला टाकलेला जीएम३०० दिसला तर आधी त्याची मागची बाजू बघा.

१६ मार्च

अजून अँटेना लावलेली नाही, आणि चॅनल पुसले जाईपर्यंत लावणारही नाही. आत जुन्या मालकाच्या फ्रिक्वेन्सी आहेत. चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबला गेला तर मी कुणाच्यातरी चालू कामात घुसेन, शिवाय तो गुन्हाच. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावला, म्हणजे पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर. कनेक्टर मिनी-यूएचएफ आहे, त्याला बीएनसीचा अडॅप्टर घातला.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवल्यावर कॉम्प्युटरचं काम काढलं. हा सेट मुळात डॉसच्या जमान्यातला. त्याचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे आरएसएस, वेगवान कॉम्प्युटरवर गडबडतं. सिरियल पोर्टवरून माहिती कधी पाठवायची आणि कधी वाचायची याचं वेळापत्रक त्या काळच्या प्रोसेसरच्या वेगावर बांधलेलं आहे. म्हणून काकांकडचा जुना लॅपटॉप आणला, खराखुरा कॉम पोर्ट असलेला. काका नौपाड्यात राहतात, हौशी रेडिओत माझ्या आधीपासून आहेत आणि त्यांच्या माळ्यावर असलं काहीही सापडतं.

मध्ये आरआयबी, म्हणजे रेडिओ इंटरफेस बॉक्स, हवी. सेटची डेटाची तार एकच असते, त्याच तारेवर जायचं आणि यायचं, पातळी ० ते ५ व्होल्ट. कॉम्प्युटरच्या आरएस-२३२ ला जायची तार वेगळी, यायची वेगळी आणि व्होल्टेज अधिक-उणे दोन्ही बाजूंचं. ही डबी दोघांमध्ये दुभाष्याचं काम करते. मॅक्स२३२, एक ट्रान्झिस्टर, दोन-चार रेझिस्टर. व्हेरोबोर्डवर तासाभरात झाली. सेटच्या बाजूने ती समोरच्या माइकच्या जॅकमध्ये जाते.

आधी वाचणं, मग जपणं, मग लिहिणं. कोडप्लग, म्हणजे सेटच्या मेमरीतली चॅनल आणि सेटिंगची माहिती, वाचला आणि त्याची फाईल दोन ठिकाणी ठेवली. सेटच्या कारखान्यातल्या ट्यूनिंगचे आकडेही मेमरीत असतात. ते पुसले गेले तर सर्व्हिस मॉनिटरशिवाय परत जमवता येत नाहीत. त्यानंतर जुने चॅनल एकेक करून काढून टाकले. ते काय होते हे इथे लिहीत नाही.

६ एप्रिल

सॉफ्टवेअर १४६ च्या खालचा आकडा घेत नाही. ही मर्यादा मॉडेलची माहिती असलेल्या फाईलमध्ये लिहिलेली असते. त्या फाईलची प्रत करून हेक्स एडिटरमध्ये खालची हद्द १४४ केली. आता १४५.५०० बिनतक्रार घेतलं.

पण सॉफ्टवेअरने आकडा घेतला म्हणजे सेटने घेतला असं नाही. सिंथेसायझर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) लॉक झाला नाही तर सेट बीप देत राहतो आणि ट्रान्समिट करत नाही. चॅनल एक: १४५.९५०. चॅनल दोन: १४५.५००. चॅनल तीन: १४५.०००. चॅनल चार: १४४.०००. चारही ठिकाणी बीप नाही. डमी लोडवर पीटीटी दाबला, वॉटमीटरची सुई उठली, शेजारच्या खोलीतल्या हँडसेटवर माझा आवाज आला.

१४६ वरून १४४ म्हणजे जेमतेम १.४ टक्के खाली. कारखान्याने हद्दीच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, आपण त्यात मावतोय. पण घरातल्या पंख्याखाली मावणं वेगळं आणि मे महिन्यात पत्र्याखाली मावणं वेगळं. ते पुढे बघायचं आहे.

१२ एप्रिल

रबाळ्याला आमच्या कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये सुट्टीच्या दिवशी बसायची परवानगी साहेबांनी दिली. सर्व्हिस मॉनिटर आणि स्पेक्ट्रम ॲनलायझर दोन्ही मिळाले. आजच्या नोंदीत आकडेच जास्त आहेत, पण माझ्या मते याच नोंदीमुळे हे काम विश्वास ठेवण्यासारखं होतं.

ऐकण्याची परीक्षा नेहमीच्या रीतीने: एक किलोहर्ट्झचा सूर, तीन किलोहर्ट्झ डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती हलते ते), आणि १२ डीबी सिनॅड (खरखरीच्या मानाने आवाज किती स्पष्ट याचं माप) मिळायला किती कमी सिग्नल पुरतो ते पाहायचं. १५५ वर ०.२६ मायक्रोव्होल्ट, १४६ वर ०.२८, १४५ वर ०.२९, १४४ वर ०.३१. म्हणजे सेटच्या आवडत्या मध्यापासून आपल्या तळापर्यंत येताना दीड डीबीचा फरक. कानाला कळणारही नाही. पुढच्या फिल्टरला हात लावायची गरज नाही. हे मोजलं नसतं तर मी उगाच फिल्टरच्या कॉइलचे कोअर फिरवत बसले असते आणि चांगला सेट बिघडवला असता. फिल्टर नीट असतील तर त्यांना हात न लावणं हेही रूपांतरच.

फ्रिक्वेन्सी साधारण ४०० हर्ट्झ वर निघाली. आतला मूळ ऑसिलेटर १४.४ मेगाहर्ट्झचा, क्रिस्टल वयाबरोबर सरकतो. १४५ वर १ पीपीएम (दहा लाखांत एक) म्हणजे १४५ हर्ट्झ, तेव्हा हा जेमतेम पावणेतीन पीपीएम सरकलाय. सॉफ्टवेअरमधून दुरुस्त केलं. डेव्हिएशन मोठ्याने बोलल्यावर ५ किलोहर्ट्झच्या आत राहतंय. हा सेट २५ किलोहर्ट्झ अंतराच्या चॅनलचा आहे, त्यामुळे तेवढंच हवं.

दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल, २९० मेगाहर्ट्झला येतो. आउटपुटचा लो-पास फिल्टर १७४ पर्यंत जाऊ देऊन त्यावरचं दाबायला बनवलेला, म्हणून २९० वर तो पूर्ण जोरात काम करतो. मूळ सिग्नलपेक्षा ६८ डीबी खाली. स्वच्छ.

पॉवर दहा वॉटवर आणून ठेवली. सेट पंचवीसचा आहे, पण पंचवीस आणि दहा यांत फरक चार डीबीचा, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिटही नाही. त्या बदल्यात मागचा हीटसिंक कोमटच राहतो आणि बॅटरीवर सेट कितीतरी जास्त वेळ चालतो.

२० एप्रिल

वीज. सीसीटीव्हीचा एसएमपीएस (स्विचिंगचा पॉवर सप्लाय) १३.८ व्होल्टवर नेऊन लावून पाहिला, पण दोन मीटरवर दर काही किलोहर्ट्झला त्याचं गुणगुणणं ऐकू येतं. बाजूला ठेवला. काकांकडचा ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर सप्लाय लावला, शांत. त्याला समांतर १२ व्होल्ट ४२ एएचची बॅटरी, मध्ये डायोड, आणि बॅटरीच्या अगदी टोकाशी १० अँपिअरचा फ्यूज.

४ मे

गारठा आणि उकाडा.

सेट झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि फ्रीजमध्ये चार तास. बाहेर काढून पिशवीतच तार लावून चालू केला. १४४ पासून १४६ पर्यंत सगळीकडे लॉक. आईने विचारलं, "दूध कुठे ठेवू मग?" चार तासांचाच प्रश्न होता.

मग गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी पेटीत बंद करून ठेवला. पेटीतला थर्मामीटर ५३ अंश दाखवत होता. इथे फरक दिसला. १४५ च्या वर काहीही अडचण नाही. १४४.५०० वरही ठीक. पण १४४.००० वर सेट चालू करताक्षणी बीप आली, दोन-तीन सेकंदांनी गेली, पुन्हा आली. लॉक अगदी कडेला उभा आहे.

व्हीसीओच्या (सिंथेसायझरमधल्या, व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरच्या) कॉइलवर थोडं काम करून तो आणखी खाली आणता येईल. मी करणार नाही. १४४ च्या तळाशी मोर्स आणि साइडबँडवाले असतात, एफएमच्या सेटचं तिथे कामच नाही. १४४.५०० च्या खाली या सेटमध्ये एकही चॅनल भरायचा नाही, असं झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवलं. पुढे हा सेट ज्याच्या हातात जाईल त्यालाही कळायला हवं.

११ मे

अँटेना. साधी क्वार्टर-वेव्ह ग्राउंड प्लेन. १४५ ला पाव तरंगलांबी ५१.७ सेंटीमीटर, उभी दांडी प्रत्यक्षात ४९ ला बसली. खाली चार दांड्या पंचेचाळीस अंशांत वाकवलेल्या. पितळेच्या सळया, एसओ-२३९ च्या चार भोकांत चार स्क्रू. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.३.

केबल हा यातला खर्चाचा भाग, आणि तिथेच लोक हात आखडता घेतात. गच्चीपासून माझ्या टेबलापर्यंत वीस मीटर. आरजी-५८ घातली तर या फ्रिक्वेन्सीला चार डीबी वाटेतच जातात. दहा वॉटचे अँटेनापाशी चार उरतात. आरजी-२१३ घातली तर साडेसहा. ऐकतानाही तेवढाच तोटा होतो, आणि तो पॉवर वाढवून भरून निघत नाही.

एकाने जुनी आरजी-२१३ स्वस्तात देऊ केली होती. टोक कापून बघितलं. वरचं काळं आवरण छान चकचकीत, आणि आतली जाळी चहाच्या गाळण्यासारखी काळी पडलेली. आणखी हातभर कापलं, तरी काळीच, मधूनमधून हिरवी. कधीतरी कनेक्टरमधून पाणी शिरलंय आणि जाळीच्या धाग्यांतून वातीसारखं आत ओढलं गेलंय. अशी केबल मल्टिमीटरवर ठणठणीत दाखवते आणि १४५ वर सिग्नल खाते. परत दिली, नवी घेतली.

२७ मे

काल मॉन्सून मुंबईत दाखल झाला. मे महिन्यात! १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. गच्चीवरचं उरलेलं काम जूनच्या पहिल्या आठवड्यावर टाकलं होतं, ते आज सकाळी उघडीप मिळाली तेवढ्यात उरकलं. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, त्यावर साधी काळी टेप. केबल खिडकीतून आत येण्याआधी खाली झोळ दिलाय, पाणी तिथूनच गळून जावं म्हणून. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खांब कुठे लावायचा ते स्वतः येऊन दाखवलं, टाकीच्या शिडीला टेकून, वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या दांडीच्या टोकापेक्षा खाली.

८ जून

आज जे बघितलं त्यासाठीच हे सेट आणले होते.

आमच्या गच्चीवरून चारही बाजूंना मोबाईलचे टॉवर आहेत, हमरस्त्यावरून सतत वायरलेस लावलेल्या गाड्या जातात, आणि मुंबईच्या एफएम केंद्रांचा जोर इथपर्यंत आहे. स्वस्त नवा हँडसेट त्याच्या छोट्या रबरी अँटेनावर बरा चालतो. त्याला गच्चीवरची अँटेना लावली की स्क्वेल्च आपोआप उघडतो, कुठलेतरी आवाज एकमेकांत मिसळून येतात आणि रिपीटर (आपलं बोलणं ऐकून जोरात पुन्हा प्रसारित करणारं उंचावरचं केंद्र) त्याखाली गाडला जातो. लोक म्हणतात, "ठाण्यात फार नॉइज आहे." ते खरं आहे की सेटच गुदमरतोय, हे ठरवायची सोपी रीत आहे.

हँडसेट आणि अँटेना यांच्यामध्ये १० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लावला. हे आवाज खरोखर हवेत असते तर ते १० डीबीने कमी झाले असते आणि रिपीटरही तेवढाच कमी झाला असता, म्हणजे परिस्थिती होती तशीच राहिली असती. झालं उलटं. आवाज पार नाहीसे झाले आणि रिपीटर स्वच्छ ऐकू आला. कारण ते आवाज हवेत नव्हतेच. दोन जोरदार सिग्नल सेटच्या पहिल्याच टप्प्यात शिरून एकमेकांत मिसळत होते. अशा तिसऱ्या क्रमाच्या (थर्ड-ऑर्डर) मिश्रणाचा नियम असा की येणारे सिग्नल १० डीबीने उतरवले की मिश्रण ३० डीबीने उतरतं.

मग तीच केबल काढून जीएम३०० ला लावली. ॲटेन्युएटर नाही. स्क्वेल्च मिटलेला, शांत. रिपीटर आला की उघडतो, गेला की मिटतो. हाच सेट गर्दीच्या शहरात, शेजारच्या चॅनलवर दुसऱ्याची गाडी बोलत असताना आपल्या गाडीचं ऐकायला बनवलेला आहे. त्याचा पुढचा फिल्टर आणि मिक्सर त्याच हिशेबाने घडवलेले. चकचकीत रंगीत पडदा नाही, सोळाच चॅनल, मेनू नाही. पण ठाण्यात गच्चीवर अँटेना लावून बसणाऱ्याला यापेक्षा चांगलं रिसिव्हर या पैशात मिळणार नाही, असं मी आता कुणालाही सांगेन.

काका आले होते, त्यांनी दोन्ही आळीपाळीने ऐकलं. "अगं, हे क्लबातल्या नव्या मुलांना दाखवायला हवं. ती सगळी ठाण्याला नावं ठेवतात."

१५ जून

सोळा चॅनल कसे वापरायचे यावर बराच विचार केला. कमर्शियल सेटला "शिफ्ट" हा प्रकार माहीत नसतो. त्याला घ्यायची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि द्यायची वेगळी सांगावी लागते. रिपीटरसाठी द्यायची ६०० किलोहर्ट्झ खाली, आणि रिपीटर मागेल तो सीटीसीएसएस सूर (रिपीटर उघडणारा, बोलण्याखाली दबलेला खालचा सूर). प्रत्येक रिपीटरच्या पुढच्या चॅनलवर त्याचीच आउटपुट फ्रिक्वेन्सी थेट बोलण्यासाठी भरली. रिपीटर बंद पडला तर एक बटण दाबून तीच मंडळी तिथेच सापडतात. टाइम-आउट तीन मिनिटांचा. शेवटचे दोन चॅनल आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी: १४५.८०० आणि १४५.८२५. या दोन्हींत द्यायची फ्रिक्वेन्सी रिकामी ठेवली, म्हणजे चुकून पीटीटी दाबला तरी काही जाणार नाही.

मागच्या कनेक्टरच्या पिन ११ वर रिसिव्हरचा आवाज मिळतो. आत जेयू५५१ नावाचा जंपर आहे. तो एका जागी असेल तर हा आवाज स्पीकरसाठी गाळलेला मिळतो, दुसऱ्या जागी असेल तर डिस्क्रिमिनेटरचा (एफएममधून आवाज काढणाऱ्या भागाचा) सपाट, जसाच्या तसा. डेटासाठी सपाट घेतला. मध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, एक पॉट, आणि तिथून लॅपटॉपच्या साउंड कार्डात. ट्रान्सफॉर्मर हवाच, त्याने सेटची आणि कॉम्प्युटरची ग्राउंड वेगळी राहते आणि गुणगुण येत नाही.

संध्याकाळी अंतराळ स्थानक येऊरच्या डोंगरामागून वर आलं. १४५.८२५ वर १२०० बॉडचे पॅकेट, खर्र, थांबणं, खर्र. डायरवुल्फच्या (पॅकेट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) खिडकीत ओळी उमटायला लागल्या, त्यांत आरएस०आयएसएस हे नाव स्पष्ट. चारशे किलोमीटर वरून, ४९ सेंटीमीटरच्या पितळी दांडीवर. येताना डॉप्लरमुळे फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास वर असते आणि जाताना तेवढीच खाली. २५ किलोहर्ट्झवाल्या सेटची आतली फिल्टर तेवढं सहज सामावून घेते, म्हणून काही फिरवावं लागलं नाही. १२.५ वाला सेट घेतला असता तर सुरुवातीचे आणि शेवटचे पॅकेट तुटले असते. खरेदी करताना हे लेबल बघून घ्यावं.

२६ जुलै

२००५ च्या त्या दिवसाला आज वीस वर्षं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, लोकल जागच्या जागी उभ्या होत्या आणि मोबाईल लागत नव्हते. आज आम्ही काही जणांनी मुद्दाम मेन स्विच बंद करून, फक्त बॅटरीवर आणि रिपीटरशिवाय बोलायचं ठरवलं होतं.

बॅटरीचा हिशेब आधी मांडला होता. ऐकताना ०.४ अँपिअर, दहा वॉटवर बोलताना ४. तासात दहा मिनिटं बोललं तर सरासरी एक अँपिअर. ४२ एएचची बॅटरी अर्धी वापरली तरी वीस तासांच्या वर निघतात. सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत चालवून व्होल्टेज १२.५ वर होतं. हिशेब जुळतो.

ऐरोलीच्या ताई खाडीपलीकडून अगदी समोर बसल्यासारख्या. मध्ये पाणी आणि खारफुटी, आड काही नाही. घोडबंदर रोडवरचा मुलगाही स्वच्छ. बोरिवली नाही, येऊर मध्ये उभा आहे. ते अपेक्षित होतं. डोंबिवलीकडे मात्र आशा होती, ती पारसिकच्या डोंगराने मोडली. त्यांची नुसती कॅरिअर (आवाज वाहून आणणारी लहर) येत होती, शब्द नाहीत. मी दहाचे पंचवीस वॉट करून पाहिले, तरी तिकडून "काही कळत नाही" एवढंच मोर्समध्ये टिकटिकलं.

तेव्हा काल्हेरचे दादा मध्ये आले. "मला दोघांचंही ऐकू येतंय. सांगा, मी पुढे देतो." भिवंडीच्या बाजूने उल्हासची खाडी सपाट आहे, तिथून ठाणंही दिसतं आणि डोंबिवलीही. त्यांनी दोन्हीकडचे निरोप शब्दशः पोचवले, प्रत्येक निरोपाची वेळ सांगून, समोरच्याकडून परत वाचून घेऊन. दोन शहरांच्या मधल्या डोंगरावर पॉवरचा उपाय नाही, जागेचा आहे. काल्हेर हे आता आमच्या कागदावर ठरलेलं मधलं ठाणं. तिथे दुसरा एक माणूसही तयार ठेवायचा आहे, कारण दादांची रात्रपाळी असते.

डोंबिवली सोडली, तर माझ्या सेटवरचं बोलणं ऐकून आज कुणीही "पुन्हा सांगा" म्हणालं नाही.

१० ऑगस्ट

यूएचएफ सेटची पाळी. मागचा १५–१६ चा प्लग यालाही नव्हता, तार घातली. जुने चॅनल पुसले, कोडप्लग जपून ठेवला.

४३८ वरून ४३४ म्हणजे एक टक्क्यापेक्षाही कमी, व्हीएचएफपेक्षा सोपं वाटावं असं. घरच्या तापमानाला ४३७.८०० सहज लॉक. अंतराळ स्थानकावरच्या रिपीटरचा आवाज याच फ्रिक्वेन्सीवर खाली येतो, म्हणजे तेवढ्यासाठी तर हा सेट आजच तयार आहे. ४३६, ४३५ ठीक. ४३४.५०० वर लॉक होतो, पण पीटीटी सोडून परत दाबला की एखाद्या वेळी बीप येते. ट्रान्समिटचा व्हीसीओ वेगळा असतो, ऐकण्याचा वेगळा. इथे ट्रान्समिटचा आधी थकतोय असं दिसतं.

पुढच्या सुट्टीला लॅबमध्ये दोन्हींचे कंट्रोल व्होल्टेज वेगवेगळे मोजायचे, ४३४ ते ४४० दर एक मेगाहर्ट्झला. ट्रान्समिटच्या बाजूला जागा उरत नसेल तर हा सेट ४३५ च्या वरच ठेवायचा आणि झाकणाच्या आत तसा कागद लावायचा. सर्व्हिस मॉनिटर आधीच सांगून ठेवलाय. सोबत न्यायचं: डमी लोड, मिनी-यूएचएफचा अडॅप्टर, आरआयबी, काकांचा लॅपटॉप आणि त्याचा चार्जर.